साळूबाईचा रस्ता

आमच्या गल्लीचा रस्ता एका बाईच्या मालकीचा आहे, हे आम्हाला इथे राहायला आल्यावर पहिल्या पोळ्याला कळलं. आमचे हे, वैजनाथराव, पाटबंधारे खात्यात कारकून. दुपार कलताना कचेरीतून स्कूटरवर घरी आले, तर गल्लीच्या तोंडाशी आडवी दोरी. दोरीला आंब्याची पानं ओवलेली, आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून साळूबाई उभ्या.

"बैलं गेल्याबिगर कुणी जायचं नाय, भाऊ," त्या म्हणाल्या.

कचेरीत चार माणसांना बाकड्यावर ताटकळत ठेवणारा हा माणूस स्कूटर धरून उन्हात उभा राहिला. मागून शिंगं रंगवलेली जोडी आली, तोरणाखालून संथपणे आत गेली, मग साळूबाईंनी स्वतः दोरीची गाठ सोडली आणि "या आता" म्हणाल्या. घरी येईपर्यंत ह्यांचा पारा चढलेला. रस्ता काय हिच्या बापाचा आहे का, असं त्यांनी मला विचारलं, जणू मीच दोरी बांधली होती. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना चौकशी केली. रस्ता बापाचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं.

ही गोष्ट मुकुंदवाडीच्या मागच्या अंगाची. तेव्हा रेल्वे स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत मध्ये ज्वारीची धाटंच दिसायची. साळूबाईंचं शेत तिथे होतं. सिडकोची घरं वाढत आली तशी शेजारच्या शेतांत चुन्याच्या रेषा पडू लागल्या, गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या जाऊ लागल्या. साळूबाईंनीही बरीचशी विकली. नवरा सांडू दोन वर्षं आजारी पडून गेला होता, पदरात एक मुलगी, आणि काळ्या रानात पाण्याचा ठिकाणा नाही. प्लॉट पाडून देणाऱ्या माणसाने नकाशावर मधोमध वीस फुटांचा रस्ता काढला, लोकांना दाखवला, आपलं काम उरकलं आणि निघून गेला. जमिनीवर रस्ता कुठेच नव्हता. पावसाळ्यात त्या काळ्या चिखलात माणूस पोटरीपर्यंत रुतायचं. प्लॉट घेतलेल्यांनी साळूबाईंकडे तक्रार केली. साळूबाई म्हणाल्या, रस्ता दाखवून जमीन विकली आहे, तेव्हा रस्ता द्यावा लागेल. आणि त्यांनी तो दिला. म्हणजे पैसे देऊन करून घेतला नाही, स्वतः केला.

हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. मी शिक्षिका, मला ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय नाही. एका रविवारी मी गल्लीच्या शेवटच्या घरात, त्यांच्याकडेच गेले आणि विचारलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. तळहातावरच्या रेषा घट्ट्यांखाली गेलेल्या.

बहात्तरच्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर होत्या. माहेर पाचोडचं, त्या बाजूलाच काम निघालेलं. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, रात्री तिथेच माळावर पडायचं. मोठ्या दगडाचा थर कसा उभा बसवायचा, वर खडी किती, तिच्यावर मुरूम किती, मधून उंच आणि कडेला उतार का ठेवायचा, हे सगळं मुकादमाच्या शिव्या खात त्या शिकल्या. पुढे स्वतःच्या शेतात दोन उन्हाळे त्यांनी तेच केलं. बांधावरचे दगड बैलगाडीने आणले, खडी स्वतः फोडली, जमीन चोपायचा जड धुमस घेऊन ठोकली. लांबून बघणारे हसले असतील. पण पुढच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी थांबलं नाही, आणि आजूबाजूच्या वसाहतींतली माणसं चिखलात काढलेल्या चपला हातात घेऊन आमच्या रस्त्यावरून जायला लागली.

मी त्या दिवशी घरी परतले ती पाय जपून टाकत. आपण ज्याच्यावरून रोज फटाफट चालत जातो ते एका बाईने उन्हात बसून हातोड्याने फोडलेलं आहे, ह्या विचाराने मला अवघडल्यासारखं झालं. पुढेही कित्येकदा झालं. मी देवळात गेले तरी फार भारावून जात नाही, पण त्या रस्त्यावर भारावून जायचे.

दर उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आला की साळूबाई कडेच्या नाल्या उकरायच्या, जिथे खोलगट झालं असेल तिथे मुरूम टाकायच्या. मदतीला कुणी गेलं तर नको म्हणायच्या नाहीत, पण बोलवायच्याही नाहीत. आणि दर पोळ्याला दोरी. शेत उरलं नाही तसे बैल विकले गेले. आम्हाला वाटलं, आता दोरी सुटली. तर त्या वर्षी साळूबाई ताटात मातीचे बैल घेऊन आल्या, तोरणाखालून चालत गेल्या आणि मग रस्ता मोकळा केला. अडकून राहिलेल्यांत मोटारी होत्या, एक दुधाची गाडी होती. सगळे थांबले. नवीन आलेले कुरकुरायचे, जुने त्यांना गप्प करायचे. आमचे हे जुन्यांत जमा झाले होते, तरी दर वर्षी घड्याळ बघायचे.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला. आधीचा पावसाळा कोरडा गेला होता. आमच्या वसाहतीला नळ नव्हता, सगळी भिस्त बोअरवर, आणि मार्चपर्यंत एकेक बोअर नुसती हवा ओढायला लागला. पालिकेचा टँकर सुरू झाला, पण तो मोठ्या रस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. आत यायचा नाही. तिथून हंडे, घागरी, डबे, जे असेल ते घेऊन घरापर्यंत ओढत न्यायचं. माझे गुडघे तोवर कामातून गेलेले. मधल्या घरात राहणारे मुबारकभाई, त्यांचं शिलाईचं दुकान आहे, ते माझा एक हंडा आपल्या सायकलला बांधून आणायचे. गल्लीच्या टोकाला सगळ्यात लांब साळूबाई. साठी उलटलेली ती बाई डोक्यावर एक आणि कमरेवर एक घेऊन मुकाट्याने जायची.

वैजनाथराव निवृत्त झाले होते आणि गल्लीच्या मंडळाचे सचिव होते, म्हणजे त्यांना पुन्हा अर्ज लिहायला मिळत होते. ते पालिकेत चौकशी करून आले. रस्ता खाजगी आहे, खाजगी रस्त्यावर टँकर जात नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. मग रस्ता सार्वजनिक करून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. तीस वर्षं सगळे ह्या रस्त्याने जात-येत आहेत, तो सार्वजनिकच आहे, तशी पाटी लावावी, असा अर्ज तयार झाला. गल्लीतल्या बहुतेकांनी सह्या केल्या. मी केली नाही, पण मी गुडघ्यांच्या आशेने गप्पही बसले. साळूबाईंकडे कागद कुणी नेला नाही. त्यांना सही येत नाही, असं एकजण म्हणाला, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

पाटी आली. निळी, तिच्यावर पांढरी अक्षरं, लोखंडी खांबावर, आणि खांब सिमेंटमध्ये घट्ट रोवलेला. त्याच दुपारी टँकर आत आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दारात पाणी भरलं आणि मला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं.

संध्याकाळी साळूबाई माझ्या दाराशी आल्या. चला जरा, म्हणाल्या. मला पाटीपाशी घेऊन गेल्या आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. मुलांना आयुष्यभर वाचायला शिकवलं, पण ते वाचताना मी अडखळले. सार्वजनिक रस्ता. कोणीही अडथळा करू नये.

"म्हंजी कुनाचा?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांचा, मी म्हणाले. आणि मग, त्यांनी विचारलं नव्हतं तरी, हेही सांगितलं की आता दोरी बांधता येणार नाही.

त्या ओरडल्या नाहीत, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"बहात्तरला मी लई रस्ते केले, बाई," त्या म्हणाल्या. "समदे सरकारचे. त्याच्यावरून मी पुन्यांदा कदी गेले बी नाय. ह्यो एक माझा हाय."

मी घरी आले आणि कागद घेऊन बसले. हा रस्ता खाजगी आहे, मालकिणीने तो स्वखर्चाने आणि स्वतःच्या हाताने बांधलेला आहे, पाटी चुकीने लागली आहे, ती काढावी. खाली साळूबाईंचा अंगठा घेतला. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि काय लिहितेस म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या रात्री आमच्याकडे जेवताना कुणी भाजी पुन्हा मागितली नाही. एका घरातून दोन अर्ज, एकमेकांच्या उरावर. आठवडाभर ते चहा स्वतः करून घेत होते आणि साखर सापडत नसतानाही विचारत नव्हते. मीही सांगत नव्हते.

चौकशीला पालिकेचा एक तरुण अभियंता आला. मला धास्ती होती की हा जागेवर न येताच निकाल देईल. पण तो आला, रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसला, आणि दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेतलं. सातबारा बघितला. मग म्हणाला, मालकी कुणाची हा एक प्रश्न आहे, पण इतकी वर्षं लोक जर हक्काने, बिनरोक, कुणाला न विचारता ये-जा करत असतील, तर पाटी राहू शकते. लोक जर मालकिणीच्या मर्जीने जात असतील, तर पाटी निघेल. म्हणून त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की इथे कुणाला कधी अडवलं गेलं का.

गल्ली जमलेली होती. सगळ्यांना कळलं की उत्तरावर टँकर अवलंबून आहे. "नाही" म्हटलं की पाणी दारात. ज्यांनी दर पोळ्याला त्या दोरीपाशी पाय आपटले होते ते सगळे आता जमिनीकडे बघत होते. साळूबाई उभ्या होत्या, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. त्यांनी एखाद्याकडे नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं, पण नाही.

अर्जावर पहिलं नाव सचिवांचं. अभियंत्याने ह्यांना विचारलं.

वैजनाथराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. माझ्याकडे बघितलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण हा माणूस हट्टी आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"अडवलं," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी अडवलं. त्यानंतर दर पोळ्याला अडवलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"थांबलो. त्या 'या' म्हणाल्या की जातो. आम्ही सगळेच."

कुणीतरी मागून हळूच "अहो सचिव" म्हणालं. ह्यांनी ऐकलं नाही. मग मुबारकभाई पुढे झाले. ते सांगू लागले की एका पोळ्याला त्यांची आई वारली, आणि मय्यत घेऊन निघाले तेव्हा तोंडाशी दोरी बांधलेली होती.

"हम सब रुक गये, साब," ते म्हणाले. "किसीने दोरी को हाथ नहीं लगाया. साळूबाई दौडते आयी, खुद गाठ खोली, बोली ले जाव. और फिर शाम तक दोरी बांधीच नहीं."

मग बाकीचेही बोलले. एकेकाने आपापला पोळा सांगितला. ज्यांनी सार्वजनिक रस्ता म्हणून सह्या केल्या होत्या त्यांनीच तो साळूबाईंचा आहे असं भर दुपारी, आपल्या तोंडाने सांगितलं, आपल्या पाण्यावर पाणी सोडून. ह्या गल्लीतल्या माणसांना मी बरीच वर्षं नावं ठेवत आले आहे. त्या दिवशी मला ती सगळी आपली वाटली. आणि त्यांच्याकडून हे काढून घेणारी बाई एक शब्दही बोलली नव्हती.

अभियंत्याने लिहून घेतलं. उठताना तो ह्यांना म्हणाला, की पाटी निघाल्यावर टँकर नियमाप्रमाणे बाहेरच थांबेल, मालकाची संमती असेल तर मात्र आत येऊ शकेल. हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तरी सांगितलं असतं, असंही तो म्हणाला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अर्ज, सह्या, पाटी, सगळी यातायात, आणि शेवटच्या घराचं दार वाजवायचं तेवढं राहिलं होतं. जन्मभर परवानग्या वरून मागायची सवय. शेजारी मागायची असते हे डोक्यातच आलं नाही.

काही दिवसांनी माणसं आली आणि पाटी खांबासकट उपटून घेऊन गेली. सिमेंटचा गोळा निघाल्यावर तिथे हातभर खोल खड्डा पडला, नेमका मोठ्या रस्त्यावरून आत वळायच्या जागी. आम्ही उद्या येऊन भरतो, असं ती माणसं म्हणाली. साळूबाईंनी त्यांना थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "रस्ता माझा हाय तर खड्डाबी माझाच."

त्या दिवशी टँकर बाहेर थांबला. गल्लीने पुन्हा हंडे वाहिले. संमती मागायला हवी हे सगळ्यांना कळत होतं, पण जाणार कोण आणि कोणत्या तोंडाने. वैजनाथराव दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ठोकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर साळूबाई खड्ड्यापाशी. तळाला मोठे दगड उभे बसवून झाले होते, वर खडी झाली होती, आता मुरूम पसरून त्यांनी धुमस उचलला होता. धुमस पडला की मुरमाची धूळ उडायची आणि पुन्हा तशीच सैल होऊन बसायची. त्यांनी वाकून तो हातात घेतला, बोटांतून गळू दिला. मग धुमस ठेवला आणि घराकडे गेल्या. परत आल्या त्या कमरेवर भरलेला हंडा घेऊन.

मला कळायला वेळ लागला. त्यांच्या घरात तेवढं एकच भरलेलं भांडं होतं, आदल्या दिवशी सगळ्या गल्लीची लांबी चालून नेलेलं. मी गुडघे विसरून धावले. अहो प्यायचं पाणी आहे ते, मी म्हणाले, आज टँकर येईल न येईल.

"कोरडा मुरूम बसत नाय, बाई," त्या म्हणाल्या. "आत वळताना चाक रुतंल त्याचं."

आणि त्यांनी हंडा कलता केला. घाई केली नाही. आधी कडेकडेने, मग मध्ये, सगळीकडे सारखं जाईल असं ओतलं. लाल मुरूम काळपट झाला, पाणी शोषून घेताना त्यातून बारीक आवाज येत होता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणी मी फरशीला वापरत होते आणि फरशीचं झाडाला. आणि ही बाई अख्खा हंडा रस्त्याला पाजत होती, ज्यांनी तो तिच्याकडून काढून घ्यायला सह्या केल्या त्यांच्या दारात टँकर जावा म्हणून. मी मोठी माणसं पाहिली नाहीत असं नाही. शाळेत पाहुणे येत, हार घेत, भाषणं करत. एवढं मोठं माणूस मी त्या आधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. मला हात जोडावेसे वाटले, पण त्यांनी धुमस उचलला होता आणि मी वाटेत उभी होते.

मुरूम बसला. ठोकत ठोकत रस्त्याशी सपाट झाला. गल्लीतली माणसं एकेक करून बाहेर येऊन उभी राहिली होती.

टँकर आला तेव्हा ऊन चढलं होतं. जावेद नावाचा नवा ड्रायव्हर होता. तो बाहेरच थांबला. साळूबाईंनी हाताने आत ये अशी खूण केली. जावेदने खिडकीतून डोकं काढून सांगितलं की खाजगी रस्ता आहे, मालकाला विचारल्याशिवाय आत येता येत नाही, मालक कुठे आहेत.

"मीच हाय," साळूबाई म्हणाल्या. "ये."

टँकर वळला. पुढचं चाक ओल्या मुरमावर आलं, मग मागची चाकं आली. साळूबाई वाकून फक्त चाकाकडे बघत होत्या. चाक रुतलं नाही.

वैजनाथराव त्यांच्यापाशी गेले. आम्ही आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले. साळूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"इचारलं नाय याचा राग आला व्हता, भाऊ," त्या म्हणाल्या. "पान्याला मी कशाला आडवीन?"

ह्यांनी त्यांचा रिकामा हंडा उचलला, रांगेतल्या सगळ्यांच्या पुढे जाऊन टँकरच्या नळीखाली धरला, काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे आणून ठेवला. साळूबाईंनी तो कमरेवर घेतला, गल्लीच्या तोंडाशी चालत गेल्या, आणि त्यातला निम्मा पुन्हा त्या मुरमावर ओतला, कारण उद्याही टँकर यायचा होता.